धुतलेली दोरी

विन्सेंट परेरांचा दिवस पहाटे चारला सुरू होई. घर मढला. चहा, आदल्या दिवशीच्या भाकरीचा तुकडा, साखरेची गोळी, मग धक्क्यापर्यंत चालत जाऊन पहिली होडी. खाडी ओलांडली की वर्सोवा, तिथून बस, आणि सहाच्या सुमारास ते अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणातल्या जुन्या घराच्या अंगणात उभे असत. शूटिंगची वेळ आठची होती. बाकीची माणसं साडेसातच्या आधी फिरकत नसत.

गंधाली पहिल्या दिवशी पावणेसातला पोचली. आपणच पहिल्या, अशा समजुतीत तिने फाटक ढकललं, तर साठीचा एक माणूस अंगणात येरझाऱ्या घालत होता. फाटकापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून ओट्यापर्यंत, पुन्हा फाटक. ओठ हलत होते. माळ जपतायत, असं तिला वाटलं.

"कोण?"

"मी गंधाली. इंटर्न."

"किती वाजता उठलीस?"

"पाचला."

"मी चारला. ही पेटी उचल."

पेटी लेन्सची होती, चौदा किलोंची. तिने वाकून ती उचलली, तशी त्यांनी परत खाली ठेवायला लावली. "पाठीने नाही, बाय. गुडघ्याने. पुन्हा उचल." तिने पुन्हा उचलली. मग ट्रायपॉड, मग बॅटऱ्यांची बॅग. आठ वाजेपर्यंत तिचे हात भरून आले होते आणि कॅमेरा तर तिने अजून पाहिलाही नव्हता.

गंधाली दिंडोशीच्या वसाहतीत राहायची. आई, रत्नप्रभा, घरी ब्लाउज शिवायची. वडील एका सोसायटीत वॉचमन. मुलगी अंधेरीच्या कॉलेजात सिनेमा शिकते हे आईने चाळीच्या काळापासूनच्या सगळ्या ओळखीच्यांना सांगून झालं होतं. शेवटच्या वर्षाला दोनशे चाळीस तासांची इंटर्नशिप लागत असे. त्याचं प्रमाणपत्र नसेल तर निकाल अडतो. पगार नाही. जेवण आणि चहा.

सिनेमा सर्वेशचा होता. वय तेहतीस, पाठीशी कुठली कंपनी नाही, तीन मित्रांचे पैसे आणि एक भाड्याचा कॅमेरा. लिहायचं त्यानेच, दिग्दर्शन त्याचंच, कॅमेराही तोच चालवायचा. एकवीस दिवसांत सगळं उरकायचं होतं. लेन्स त्याने मुद्दाम जुन्या घेतल्या होत्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या, कारण त्यांतून चेहरे मऊ दिसतात असं त्याचं म्हणणं. त्या लेन्स हाताळता येणारी माणसं आता थोडी उरली आहेत. विन्सेंट अंकल त्यांतले एक, आणि त्यांचा दर कमी होता.

त्यांचं काम फोकसचं. कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजायचं, आणि नट चालू लागला की लेन्सची कडी बरोबर तितकीच फिरवायची. चेहरा स्पष्ट राहिला तर कोणी काही बोलत नाही. सहा इंच चुकलं तर शॉट गेला. सव्वीस वर्षं त्यांनी हे केलं होतं.

अंतर मोजायला सगळीकडे टेप वापरतात. अंकल दोरी वापरत. करंगळीच्या निम्म्या जाडीची, सुती, काळपट, पंधरा फुटांची. दर फुटाला एक गाठ, पाचव्या फुटावर दोन, दहाव्यावर तीन. एक टोक गंधालीने नटाच्या डोळ्याशी धरायचं, दुसरं कॅमेऱ्याशी धरून अंकल दोरी बोटांतून सरकवत जायचे. वरचे इंच ते मुठीने मोजायचे. लेन्सच्या कडीला जोडलेल्या पांढऱ्या चकतीवर त्यांनी काडेपेटीच्या काड्यांचे बारीक तुकडे चिकटवले होते, एका फुटाला एक. गाठ किती ते बोटाने मोजायचं आणि चकती तितव्या काडीवर आणायची.

"बापाची रीत," ते म्हणत. "बाप होडीवरून दोरी सोडायचा, पाणी किती खोल ते गाठींवर सांगायचा. टेप कुठली तेव्हा?"

सर्वेशला हे फार आवडलं होतं. त्याने त्या दोरीचा फोटो काढून मोबाईलवर टाकला होता आणि खाली चारशे लोकांनी हात जोडले होते.

दर सकाळी त्या दिवसाच्या कामाचा कागद सगळ्यांना वाटायचा, हे गंधालीचं काम. चौथ्या दिवशी घाईत तिने अंकलना कालचाच कागद दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला, वरून खाली पाहिला, घडी करून खिशात ठेवला. "कळलं," म्हणाले. दहाच्या सुमारास बॅग उघडली, तर आजचा कागद तिला तिथेच सापडला.

मग एकेक गोष्ट तिला दिसू लागली. चहाचा ग्लास घेताना ते आधी कडेला बोट लावत. लेन्सवरचा आकडा हवा असला की म्हणत, "तुझे तरणे डोळे, वाच." सकाळी सहाला येऊन ते पावलं मोजत, म्हणजे दिवसभर कुणाच्या देखत ठेच लागू नये. जप कसला? फाटक ते विहीर बावीस पावलं, विहीर ते ओटा नऊ, ओट्याला दोन पायऱ्या.

जेवताना ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"अंकल, सकाळी मी कालचा कागद दिला तुम्हाला."

ते चावत राहिले. "मग?"

"तुम्ही वाचलात ना तो?"

"वाचला."

त्यांनी बोटांनी चाचपून लोणच्याची फोड उचलली.

"कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग जेव. भात गार होतो."

दुसऱ्या दिवशी, ट्रायपॉड पुसताना, त्यांनी न विचारता सांगितलं. साखर. डोळ्याच्या पडद्यामागे रक्त झिरपतं. डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. उजव्यात अजून उजेड होता, माणसाची आकृती कळायची, रंग कळायचे. अक्षर आणि आकडा नाही. डॉक्टरीणबाई डोळ्यात सुई देत. तीन झाल्या होत्या, आणखी तीन घ्यायच्या होत्या, महिन्याला एक. मधे थांबलात तर उजवाही जाईल, असं त्यांनी साफ सांगितलं होतं.

"हा पिक्चर तीन सुयांचा आहे," अंकल म्हणाले. "एकवीस दिवस भरले तर. मग बंद करतो. सेराफिनाला शब्द दिलाय."

सेराफिना त्यांची बायको. सुकी मासळी विकायची. मुलं नव्हती.

"पण दोरीने तुमचा शॉट चुकत कसा नाही?"

"दिसत होतं तेव्हाही हातच काम करायचा, बाय. डोळा नुसता खात्री करायचा. आता खात्री नाही, एवढंच."

त्या दिवसापासून दोघांचं न ठरवता ठरलं. लेन्स बदलली की गंधाली जवळ जाई आणि पुसायच्या निमित्ताने हळूच आकडे सांगे. अंकल काड्या लावून घेत. कागद ती त्यांना देताना मोठ्याने वाचायची, जणू स्वतःसाठीच. वाटेत कोणी पेटी ठेवली तर पायाने सरकवून द्यायची. लाईट सांभाळणारा सुयोग म्हणायचा, "काय गं, अंकलची सेक्रेटरी झालीस का?" ती म्हणायची, "तू हो ना, तुला कोण नको म्हणतंय." अकरा दिवसांत फोकसची एकही चूक झाली नाही. कामही ती शिकली. नटाच्या चालीत पहिलं पाऊल नेहमी लांब पडतं, दमलेला नट खुणेच्या अलीकडे थांबतो, खुर्चीत बसताना चेहरा आधी पुढे येतो आणि मग मागे जातो. हे कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

अकरावा दिवस शनिवार. रविवारी सुट्टी, अंकल चर्चला जाणार. सोमवारी त्या सिनेमातलं सगळ्यात मोठं काम होतं. ज्या घरात शूटिंग चाललं होतं ते घर बिल्डर खरोखरच पाडणार होता, सोमवारी सकाळी दहाला. सर्वेशने चार महिने त्या तारखेची वाट पाहिली होती. नायिका श्रुतिका ओट्यावरून उतरून कॅमेऱ्याकडे चालत येणार, मधे थांबणार, आणि तिच्या पाठीमागे दर्शनी भिंत कोसळणार. तिने मागे वळायचं नाही. सगळं तिच्या चेहऱ्यावर. भिंत एकदाच पडणार होती.

शनिवारी सामान आवरताना दोरी गंधालीच्या बॅगेत राहिली.

घरी तिने बॅग रिकामी केली, तेव्हा आई शिवणयंत्रावरून उठून आली. "हे काय गं घाण? मेलेल्या सापासारखं."

"अगं, अंकलची मापाची दोरी आहे."

"मग धू तरी. माणसाच्या हातात देतेस ना रोज?"

गंधालीला ते पटलं. सव्वीस वर्षांच्या हातांचा मळ. एक काम त्यांनी न सांगता आपण करावं, असंही तिच्या मनात आलं. रविवारी सकाळी तिने बादलीत कढत पाणी घेतलं, साबणाची पावडर टाकली, दोरी भिजत घातली. पाणी काळं झालं. वर चरबीसारखा पातळ थर आला, तो तिने ओतून दिला. तीन पाण्यांतून काढून गॅलरीत आईच्या साडीशेजारी वाळत टाकली. दुपारपर्यंत दोरी पिवळसर पांढरी झाली. गाठी सगळ्या जागच्या जागी होत्या, तिने मोजल्या.

"आता कशी माणसाची वाटते," आई म्हणाली.

सोमवारी अंकलनी वेळ चुकवली नाही. नेहमीसारखे चारला उठून सहाला हजर होते. गंधाली सव्वासहाला पोचली आणि दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांत घेतली आणि थांबले. नाकाशी नेली.

"धुतलीस?"

"हो. खूप मळली होती."

"गरम पाण्यात?"

"हो."

त्यांनी दोरी एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत अंगठ्याने सरकवून पाहिली, मग पुन्हा पाहिली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. इतक्यात फाटकाशी पाडकामाचं मशीन आलं, बिल्डरचा माणूस सर्वेशशी बोलू लागला आणि अंगणात धावपळ सुरू झाली. दहा नाही, नऊलाच पाडायचं. दुपारी मशीन दुसरीकडे हवं होतं.

"अंकल, मापं!" सर्वेशने हाक दिली. "वेळ नाही."

"लेन्स थोडी बंद कर, सर्वेश," अंकल म्हणाले. "एवढी उघडी ठेवलीस तर चेहरा इंचभर इकडे तिकडे झाला की पुसट होईल."

"नाही अंकल, मागचं सगळं विरघळलं पाहिजे. तुम्ही आहात ना?"

अंकलनी एकदा गंधालीकडे तोंड वळवलं. टेप तिच्या बॅगेत होती. आसपास सातआठ माणसं उभी होती. त्यांनी तोंड परत फिरवलं. "धर टोक," म्हणाले.

तीन गाठींवर श्रुतिका थांबणार होती. दहा फूट. तिने तिथे पाय ठेवला, गंधालीने टोक तिच्या डोळ्याच्या कडेला धरलं, अंकलनी गाठ कॅमेऱ्याशी टेकवली. खडूने खूण केली. चकतीवर दहावी काडी.

नऊला भिंत पडली. श्रुतिका खुणेवर थांबली, वळली नाही. मागे कौलं, वासे, मातीचा लोट. तिच्या डोळ्यातून पाणी आलं ते खरं होतं, धुळीचं. सर्वेशने "कट" म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंकल चकतीवर हात ठेवून तसेच उभे होते.

संध्याकाळी सहाला सर्वेशच्या घरी मोठ्या पडद्यावर तो शॉट पाहिला. घर अंधेरी पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. उन्हात छोट्या पडद्यावर दिसलं नव्हतं ते इथे दिसलं. श्रुतिकाच्या वेणीचा एकेक केस मोजता येत होता. चेहरा पाण्याखाली असल्यासारखा.

सर्वेशने तो दोनदा, तीनदा लावला.

"अंकल," तो म्हणाला, "हा इंचाचा फरक नाही. अर्धा फूट आहे."

"माझी चूक," अंकल म्हणाले.

"पण कशी?"

"हात चुकला. सव्वीस वर्षांत चुकला नाही असं नाही. आज चुकला."

सर्वेश खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "उद्यापासून नऊ दिवस आहेत. नीट करा." एवढ्या पैशांत एवढ्या उशिरा दुसरा माणूस त्याला मिळणार नव्हता, हे त्यालाही माहीत होतं.

गंधाली अंकलना जिन्यावरून खाली घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले.

"दोरी आटली," ते म्हणाले. "सुती होती ना. तिला मेण चोळलेलं होतं, दर शुक्रवारी चर्चमधल्या मेणबत्तीचं. मळ नव्हता तो. गरम पाण्याने मेण गेलं, दोरी आटली. हातात घेतल्याबरोबर कळलं मला."

गंधालीने वळून विचारलं, "मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"थांबवून काय सांगू? टेप आणा म्हणून? वाचणार कोण?"

"मी वाचली असती."

"आणि सर्वेश विचारणार, अंकल, तुम्ही का नाही वाचत? मला वाटलं, मुठीने भरून काढीन. दोन मुठी कमी धरल्या असत्या तर बसलं असतं. मी धरल्या नाहीत. वाटलं, जास्त झालं तर? म्हणजे चूक माझीच." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "आता तू गप्प बसायचं. चुकलेल्या माणसाला ठेवतात. आंधळ्याला नाही ठेवत. नऊ दिवस, बाय. नऊ दिवस तोंड बंद."

घरी जाऊन तिने आईची शिवणाची टेप काढली आणि बॅगेतली दोरी फरशीवर पसरली. दहाव्या गाठीपर्यंत नऊ फूट साडेसहा इंच. आईने विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही."

मंगळवारी काम मुलुंडला होतं, एका चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. वॉचमन आठच्या आधी कोणाला वर सोडत नसे. अंकल साडेसहापासून खाली बाकड्यावर बसून होते. वर गेले ते सगळ्यांबरोबर, आणि उंबऱ्यालाच अडखळले.

"अंकल, आता चष्मा लावा, नाहीतर पेन्शन लावा," सुयोग म्हणाला. एकदोघं हसले. कालपर्यंत त्याने अशी मस्करी केली नसती.

सर्वेश हसला नाही. "आजपासून अंकलचं प्रत्येक माप सुयोग तपासेल," तो म्हणाला. अंकलनी मान हलवली आणि खिशातून दोरी काढली. नव्या गाठी मारलेली दोरी नव्हे, गंधालीने सकाळी परत आणून दिलेली, तीच, आटलेली. आता ती किती खोटी आहे हे हाताला माहीत होतं आणि तेवढ्या मुठी ते धरणार होते.

गंधालीला ते पाहवेना. तिच्यामुळे त्यांच्या कामावर दुसरा माणूस बसला होता. खरं सांगितलं की सगळं जागच्या जागी येईल असं तिला वाटलं. वीस वर्षांच्या मुलीला तसं वाटतं. तिने टोक खाली ठेवलं.

"सर्वेश, अंकलची चूक नाहीये. दोरी मी धुतली. रविवारी, गरम पाण्यात. ती आटली. मी घरी मोजली, दहा फुटांत साडेपाच इंच कमी भरते. चूक माझी आहे."

अंकलनी डोळे मिटले.

सर्वेशने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दोरीकडे. "ठीक आहे," तो सावकाश म्हणाला. "पण एवढा महत्त्वाचा शॉट. दोरी धुतलेली त्यांना कळली असेल ना? मग टेपने का नाही मोजलं?"

हा प्रश्न येणार हे जिन्यावर तिला सांगून झालं होतं. तिची नजर अंकलच्या डोळ्यांकडे गेली, आणि तिच्यामागोमाग सर्वेशची. त्याने खिशातून टेप काढली, भिंतीपासून खेचत अंकलपर्यंत आणली आणि त्यांच्या हातात दिली.

"अंकल, इथे किती झालं, सांगा."

खोली नवी होती. पावलं मोजलेली नव्हती. अंकलनी टेप हातभर लांब धरली, मग जवळ आणली. अंगठा पट्टीवरून फिरवला. पट्टी गुळगुळीत होती.

"नऊ," ते म्हणाले.

सुयोग वाकून पाहायला गेला आणि तसाच मागे झाला. साडेतेरा होते. कोणी हसलं नाही.

"किती दिवस?" सर्वेशने विचारलं.

"दोन वर्षं."

"आणि मी त्या दोरीचा फोटो टाकला," सर्वेश म्हणाला. बाकी काही नाही. बारा दिवसांचे पैसे मिळतील, एवढं मात्र त्याने तिथेच सांगितलं. तेही काम पुरं करणाऱ्याला शेवटच्या दिवशी देतात तसे नाही, नव्वद दिवसांनी.

अंकल लगेच गेले नाहीत. चकती मांडीवर घेऊन बसले आणि काड्यांचे तुकडे नखाने एकेक करून सोडवले, सगळे पंधरा. मग बोटाने चकती पुसली, डिंक राहिला होता तो थुंकी लावून काढला. "दुसऱ्याला अडचण नको," म्हणाले. गंधाली त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला निघाली, तर हाताने नको म्हणाले. सुयोग गेला. दोरी फ्लॅटमध्येच राहिली.

दुसरा माणूस आला नाही. दुपारी सर्वेशने चकतीकडे बोट दाखवलं आणि गंधालीला विचारलं, "येतं ना तुला?" येत होतं. उरलेले नऊ दिवस तिने फोकस सांभाळला, टेपने मोजून, अंकलच्या जागी. पगार नाही. जेवण आणि चहा. नाही म्हणण्याचा विचार तिने केला, पण दोनशे चाळीसपैकी शंभरेक तास बाकी होते. त्यांतल्या पाचव्या दिवशी एक शॉट तिच्या हातून गेला, सातव्या दिवशी आणखी एक. त्या वेळी सर्वेश म्हणाला, "होतं असं, शिकतेयस." प्रमाणपत्रावर त्याने स्वतःच्या हाताने 'उत्कृष्ट' लिहिलं.

विन्सेंट परेरांचे डोळे गेले आहेत, ही बातमी त्या धंद्यात आठवडाभरात सगळीकडे पोचली. कोणी मुद्दाम पोचवली असं नाही.

मेच्या अखेरीस निकाल लागला आणि गंधाली होडीने मढला गेली. बरोबर दोरी होती. तिने सगळ्या गाठी सोडून, टेप लावून नव्याने मारल्या होत्या आणि दोन मेणबत्त्या घासल्या होत्या. घर विचारत विचारत सापडलं. अंकल दारात खुर्चीवर बसले होते. ती फाटकातून आत आली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"अंकल."

"गंधाली," ते म्हणाले. "किती वाजता उठलीस?"

"पाचला."

"बस."

सेराफिना आतून सरबत घेऊन आली. ठेंगणी, दणकट बाई, हाताला सुक्या बोंबलांचा वास. ती गंधालीकडे फार वेळ पाहत राहिली.

अंकलनी दोरी हातात घेतली, अंगठ्याने मोजत गेले. पंधरापर्यंत जाऊन परत आले. "सातवी पाव इंच मागे आहे."

"बदलते."

"बदल. काम करतेस कुठे?"

"एका जाहिरातवाल्याकडे. तिसरी असिस्टंट."

"सर्वेशच्या पिक्चरमध्ये शॉट गेले तुझ्या हातून?"

"दोन."

"का?"

"पहिल्यात नट खुणेच्या अलीकडे थांबला. दुसऱ्यात मी त्याच्याकडे बघत बसले."

"दुसरी चूक खरी चूक," ते म्हणाले. मग विचारलं: "भिंतीचा शॉट काढून टाकला ना?"

"नाही. ठेवला. त्याने काही लोकांना दाखवलं, त्यांना तोच आवडला. चेहरा मुद्दाम पुसट ठेवलाय असं वाटलं त्यांना."

"सॉफ्ट आहे तो, फोकस गेलेला," अंकल म्हणाले. "लोकांना काय कळतंय." त्यांना ते खरोखरच लागलं होतं.

गंधालीला एक विचारायचं होतं आणि ते विचारायला जीभ रेटत नव्हती. सेराफिनाने तिची सुटका केली, किंवा केली नाही.

"सुई विचारतेस ना?" ती म्हणाली. "मार्चची चुकली. हातात पैसेच नव्हते, नव्वद दिवस म्हणाला ना तो. मी चार घरी मागितले. जमेस्तोवर एप्रिलात उजव्यात रक्त भरलं. डॉक्टरीणबाई बोलल्या, आता सुईचा उपयोग नाही, पैसे वाया घालवू नका."

"गंधालीचा दोष नाय तो," अंकल म्हणाले.

"मी कुठे बोलले तिचा?" सेराफिना म्हणाली आणि रिकामा ग्लास घेऊन आत गेली.

ऊन अंगणात आलं. मग अंकल उठले. "चल, दाखवतो," म्हणाले आणि हात पुढे केला. पण तिचा हात धरायला नाही. दाराच्या चौकटीशीच कमरेच्या उंचीवर एक लोखंडी पाईप सुरू होत होता. त्यावर तळवा ठेवून ते निघाले, पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं, गटारावरची फरशी ओलांडली, न अडखळता. दर फुटाला पाईपवर वेल्डिंगचा एक टिपका होता, पाचव्या फुटावर दोन, दहाव्यावर तीन. कारागीर असं करायला तयार नव्हता. अंकलनी शेजारी उभं राहून त्याच्याकडून करून घेतलं होतं आणि दोन टिपके चुकले तेव्हा घासून पुन्हा मारायला लावले होते.

सर्वेशचे पैसे मेच्या मध्यात आले होते, बारा दिवसांचे, पुरते. त्यांतून सव्वीस फूट पाईप आला, सहा खांब, वेल्डरची दोन दिवसांची मजुरी आणि दोन हात रंग. पाईप घराच्या दारापासून संडासापर्यंत पोचला. धक्क्यापर्यंत पोचवण्याइतके पैसे नव्हते.